कब्बाला हा शब्द घोड्यावरून आलाय का? आणि मर्काबाचं नक्की काय?

पानगळ यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी, दोन महिन्यांपासून ज्यू लोकांच्या गूढवादाबद्दल वाचतेय, सुरुवात एका टॅरोच्या क्लासमुळे झाली पण आता टॅरो बाजूला राहिलं आणि कब्बालाच वाचत बसलेय. तर त्या क्लासमध्ये आम्हाला सांगितलं की कब्बाला हा शब्द लॅटिनमधल्या काबालुस वरून आला, काबालुस म्हणजे घोडा, आणि म्हणून कब्बाला म्हणजे "घोड्याची भाषा", जी फक्त दीक्षा घेतलेल्या सरदारांना कळायची, स्पॅनिशमध्ये काबायो, फ्रेंचमध्ये शव्हालिए, इंग्रजीत कॅव्हलरी, सगळं एकच. ऐकायला फार छान वाटलं, वहीत लिहूनही घेतलं. मग पुढच्या आठवड्यात मर्काबा आलं. तिथे सांगितलं की मर्काबा हा मुळात इजिप्शियन शब्द आहे, मेर म्हणजे प्रकाश, का म्हणजे आत्मा, बा म्हणजे शरीर. पण दुसरीकडे वाचलं की मर्काबा म्हणजे हिब्रूत रथ. रथ म्हटलं की परत घोडा आलाच ना?

आता डोक्यात गोंधळ झालाय. घोडा आहे की नाही यात? मला हिब्रू येत नाही, अरबी येत नाही, संस्कृत शाळेत शंभर मार्कांचं होतं तेवढंच. कोणाला भाषाशास्त्रातलं कळत असेल तर सोप्या मराठीत सांगा प्लीज. आणि घोड्यांचं कळणारं कोणी असेल तर त्यांनीही सांगा, कारण मला आता दोन्हीत इंटरेस्ट आलाय.

---

शब्दवेडी:

पानगळ, प्रश्न फार आवडला. आधी सरळ उत्तर देते: कब्बाला आणि घोडा यांचा काहीही संबंध नाही. पण मर्काबाचा स्वारीशी आहे! म्हणजे तुमच्या क्लासमध्ये बरोब्बर उलटं शिकवलं गेलं, जिथे घोडा नाही तिथे घातला आणि जिथे स्वारी आहे तिथून काढून टाकली.

कब्बाला आधी घेऊ. हिब्रू, अरबी, अरामी या भाषा एका घरातल्या, त्यांच्यात शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभा राहतो, मधले स्वर बदलत जातात. कब्बालाचा धातू क-ब-ल. अर्थ घेणे, स्वीकारणे. कब्बाला म्हणजे "जे मिळालं ते", गुरूकडून शिष्याकडे आलेलं, आपल्याकडे परंपराप्राप्त म्हणतो तसं.

आता मजा बघा. हाच धातू अरबीतही आहे आणि अरबीतून फारसीमार्गे तो आपल्या घरात कधीचा येऊन बसलाय. कबूल! कबूल करणे म्हणजे स्वीकारणे. कबुली, कबुलायत, कबुलीजबाब. याच धातूची दुसरी अर्थछटा "समोर असणे" अशी आहे, त्यातून मुकाबला म्हणजे समोरासमोर येणं, किबला म्हणजे नमाजाची दिशा, आणि कुटुंबकबिला मधला कबिलासुद्धा. जुन्या दस्तऐवजांत कबाला म्हणजे खरेदीखत. म्हणजे मराठी माणसाला कब्बाला समजून घ्यायला लॅटिनचा घोडा लागतच नाही, "कबूल" पुरे आहे.

काबालुस हा वेगळाच प्राणी. लॅटिनमध्ये घोड्याला मूळ शब्द एक्वुस, आणि तो आपल्या अश्वचा सख्खा चुलतभाऊ. काबालुस हा बाहेरून आलेला बोलीतला शब्द, ओझ्याचा, कामाचा घोडा, आपण तट्टू म्हणू तसा. पुढे एक्वुस बोलण्यातून गेला आणि तट्टूच सगळीकडे राहिलं, त्यातून काबायो, कव्हालो, शव्हाल, शव्हालिए, कॅव्हलरी. तुमच्या क्लासमधलं हे अर्धं बरोबर होतं.

मग दोन्ही जोडले कोणी? त्याला स्पेलिंग कारणीभूत आहे. पंधराव्या शतकाच्या शेवटी इटलीत पिको देल्ला मिरांदोला (त्याचे ९०० सिद्धांत १४८६ चे), नंतर जर्मनीत रॉयख्लिन (१५१७), अशा ख्रिश्चन विद्वानांनी कब्बाला अभ्यासायला घेतली आणि लॅटिनमध्ये लिहिताना ती "सी" ने लिहिली. एकदा सी आला की ती काबालुसच्या शेजारी दिसायला लागते. हिब्रूतला हा क मुळात घशातला, कुराण या अरबी शब्दातल्या क सारखा, तो रोमन लिपीत कधी के, कधी क्यू, कधी सी असा लिहितात. मग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमध्ये फुलकानेली या टोपणनावाने लिहिणाऱ्या किमयागाराने उघडपणे मांडलं की त्याची कबाला ही ज्यूंची कब्बाला नव्हेच, ती काबालुस वरून आलेली घोड्याची बोली. म्हणजे ही घोड्याची गोष्ट फार जुनी नाही आणि ज्याने मांडली त्या माणसानेही ज्यू कब्बालाचा तो अर्थ असं म्हटलेलं नाही! मधल्या मधे कोणीतरी दोन्ही एकत्र केलं.

मर्काबावर रात्री लिहिते, आत्ता पोळ्या करायच्यात.

---

पानगळ:

ताई कबूल!! हे कसं कधी लक्षात आलं नाही. मग कॅव्हलरी आणि कव्वालीपण एक नाहीत ना? कारण तेही मनात आलं होतं. आणि ते इंग्रजीतलं कबाल, म्हणजे गुप्त कट करणारी टोळी, ते?

---

शब्दवेडी:

कव्वाली वेगळी, तिचा धातू क-व-ल, बोलणे. अरबी कौल म्हणजे बोलणं, शब्द देणं, आपला कौल तोच, देवळात कौल लावतो तो आणि निवडणुकीत जनता देते तो.

इंग्रजी कबाल मात्र खरंच कब्बालावरून, फ्रेंचमधून आलेला. गुप्त विद्या, मग गुप्त खलबत, मग खलबत करणारे. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सच्या पाच मंत्र्यांच्या आद्याक्षरांवरून (क्लिफर्ड, आर्लिंग्टन, बकिंगहॅम, ॲश्ली, लॉडरडेल) तो शब्द बनला असं खूप ठिकाणी लिहिलेलं असतं, ते खरं नाही. शब्द आधीचा आहे, अक्षरं योगायोगाने जुळली आणि लोकांनी उचलली.

---

भीमथडी:

मी भाषेतला नाही, पण वीस वर्षं घोडे सांभाळतोय म्हणून लिहितो. शब्दवेडी ताई मर्काबावर येतीलच पण त्याआधी माझ्याकडून एक शब्द घ्या: रिकीब.

रिकीब म्हणजे खोगिराला लटकणारं ते लोखंडी कडं ज्यात पाय अडकवून आपण घोड्यावर चढतो. आता शहरात रायडिंग शिकवणारेसुद्धा स्टिरपच म्हणतात पण आमच्याकडे जुनी माणसं रिकीबच म्हणायची, आणि बखरीत वगैरे हाच शब्द. हा अरबी रिकाब, आणि धातू र-क-ब, स्वार होणे. मला हे एका मौलवी मित्राने सांगितलं होतं, तो म्हणाला राकिब म्हणजे स्वार, रिकाब म्हणजे स्वारासाठी पाय ठेवायची जागा. आज हा धागा वाचताना एकदम ट्यूब पेटली की मर्काबामध्ये पण र-क-ब च दिसतंय. बरोबर का ताई?

आणि घोड्याच्या सामानाचे आपले शब्द निघालेच आहेत तर थोडं सांगतोच, कारण हे शब्द लोक रोज वापरतात आणि त्यात घोडा आहे हे कोणाला माहीत नसतं. पेपरात येतं ना "बिबट्या जेरबंद", तो जेरबंद म्हणजे घोड्याच्या छातीखालून जाणारा पट्टा, घोड्याने मान वर उचलून झटका देऊ नये म्हणून लावतात. फारसीत झेर म्हणजे खाली आणि बंद म्हणजे बांधलेलं. पानाचा तोबरा भरतो तो तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची हरभऱ्याची पिशवी. खोगीर म्हणजे घाम धरणारं, खोय म्हणजे घाम आणि गीर म्हणजे धरणारा, आधी ती घाम शोषणारी गादीच होती, त्यात चिंध्या भरायच्या म्हणून खोगीरभरती. तोच गीर बारगीर मध्ये, बार म्हणजे ओझं. शिवकाळात शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन यायचा आणि बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा.

आणि सगळ्यात लाडका माझा: स्वार. जुन्या फारसीत असबार. अस म्हणजे अश्व आणि बार म्हणजे वाहिलेला, आपला भृ धातू, भार. म्हणजे "अश्वाने वाहिलेला" तो असबार, पुढचा अ गळाला, स्वार राहिला. मग आपण त्याच्यापुढे परत घोडे लावलं आणि घोडेस्वार केलं, एका शब्दात दोन घोडे झाले.

---

शब्दवेडी:

भीमथडी दादा, शंभर टक्के बरोबर. माझं अर्धं काम केलंत.

तर मर्काबा, हिब्रू उच्चार मेर्कावा, कारण हिब्रूत स्वरानंतरचा एकेरी ब हा व होतो (कब्बालात ब जोड आहे म्हणून तो ब च राहिला). धातू र-क-ब, स्वार होणे. पुढचं म हे उपसर्गासारखं आहे, जागा किंवा साधन दाखवायला लागतं. हे आपल्याला परकं नाही, मराठीतच जोड्या बघा: जलसा आणि मजलिस (ज-ल-स, बसणे), तलब आणि मतलब (त-ल-ब, मागणे). तसंच रिकीब आणि मर्काबा. एकदा हे दिसलं की मेर-का-बा असे तीन तुकडे करायला जागाच उरत नाही, कारण धातू मधोमध चिरला जातो. इजिप्शियन भाषेत का आणि बा हे शब्द आहेत हे खरं, पण त्यांचा या शब्दाशी संबंध नाही, ते मागच्या काही दशकांतल्या न्यू एज पुस्तकांनी केलेलं आहे. मतलब या शब्दाचे कोणी मत आणि लब असे तुकडे करून मत म्हणजे विचार असं सांगितलं तर आपण मान्य करू का? तसंच हे.

आता तुमचा खरा प्रश्न, रथ आहे म्हणजे घोडा आहे का. मेर्कावा या गूढविद्येचं मूळ म्हणजे बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याचं दर्शन, इ.स.पू. ५९३, बाबिलोनमध्ये केबार नदीकाठी, यहुदी लोक तिथे हद्दपार होऊन आलेले. त्याला उत्तरेकडून वादळ येताना दिसतं, त्यात चार जिवंत प्राणी, प्रत्येकाला चार तोंडं, माणसाचं, सिंहाचं, बैलाचं आणि गरुडाचं. शेजारी चाकं, चाकात चाक, आणि चाकांच्या धावांवर सगळीकडे डोळे. वर सिंहासन. आणि या सगळ्यात घोडा एकही नाही! इतकंच काय, त्या पहिल्या अध्यायात मेर्कावा हा शब्दसुद्धा नाही, रथ हे नाव त्या दर्शनाला नंतरच्या लोकांनी दिलं. मला हे फार विलक्षण वाटतं. ज्याने पाहिलं त्याने नाव दिलं नाही, ज्यांनी पाहिलं नाही त्यांना नावाची गरज पडली.

आणि त्या नावाचा धाकही केवढा. मिश्नामध्ये, म्हणजे साधारण इ.स. २०० च्या सुमाराला संकलित झालेल्या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात, नियमच आहे की मेर्कावाचा विषय एकट्या विद्यार्थ्यालासुद्धा शिकवू नये, तो शहाणा असेल आणि स्वतःच्या बुद्धीने समजू शकत असेल तरच. त्यानंतरच्या साधकांना म्हणायचे योर्देई मेर्कावा, शब्दशः मेर्कावाकडे "उतरणारे". चढणारे नाही, उतरणारे. स्वर्गातल्या सात महालांतून जायचं, दर दारावर पहारेकरी, आणि तरी शब्द उतरण्याचा.

कब्बाला हे नाव या गूढविद्येला खूप नंतर पडलं, बाराव्या-तेराव्या शतकात दक्षिण फ्रान्स आणि स्पेनमध्ये. झोहार, म्हणजे तेज, हा मुख्य ग्रंथ तेराव्या शतकाच्या शेवटी स्पेनमध्ये पुढे आला. म्हणजे मेर्कावा आधी, कब्बाला हजार वर्षांनी नंतर.

---

पानगळ:

"रिकीब आणि मर्काबा" मी आता वहीत घोड्याची भाषा खोडून हे लिहिलं. अजून एक, कब्बालात ते दहा सेफिरोत असतात ना, देवाच्या प्रकट होण्याची दहा रूपं, ते स्फियर म्हणजे गोल वरून का? चित्रात गोलच काढतात. आणि तो सिफर, शून्य, तोच का?

---

शब्दवेडी:

दोन्ही नाही. सेफिरा (सेफिरोतचं एकवचन) चा धातू स-प-र, मोजणे, सांगणे. हिब्रूत सेफेर म्हणजे पुस्तक, मिस्पार म्हणजे संख्या, सिप्पूर म्हणजे गोष्ट. आकडा आणि गोष्ट एकाच धातूतून, आपल्याकडे संख्या आणि आख्यान दोन्हींत ख्या आहे तसं! ग्रीक स्फैरा शी नुसतं कानाला जुळतं. सिफर अरबी, त्यातला स वेगळा, जाड, आणि अर्थ रिकामा, तो आपल्या शून्याचाच अरबी अनुवाद.

पण त्या दहातल्या दोघांना तुम्ही ओळखता. होखमा म्हणजे प्रज्ञा, अरबीत हिकमत, आपली हिकमत, आणि हकीम. मालखुत म्हणजे राज्य, धातू म-ल-क, आपला मुलूख आणि मालक.

---

तारामंडळ:

मध्येच येतो. पूर्वाभाद्रपदा नक्षत्राची योगतारा आकाशात महाश्व म्हणजे पेगासस या घोड्याच्या तारकासमूहात आहे आणि तिचं जगभर चालणारं अरबी नाव मर्कब. अर्थ स्वारीची वस्तू, वाहन, खोगीर. तोच र-क-ब. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रात्री आठ-नऊ वाजता डोक्यावर मोठा चौकोन दिसतो, त्याच्या नैऋत्येच्या कोपऱ्यातला तारा.

---

अष्टागर:

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, घर अलिबाग तालुक्यात, आता निम्मं कुटुंब इस्रायलमध्ये अश्दोदला. हा धागा बहिणीने पाठवला आणि मला लिहिल्याशिवाय राहवेना.

कब्बालाबद्दल आधी. इस्रायलमध्ये दुकानात पैसे दिले की जी पावती मिळते ना तिच्यावर मोठ्या अक्षरात कब्बाला लिहिलेलं असतं. मिळाले पैसे, ही पोच. मावशी पहिल्यांदा तिकडे गेली तेव्हा भाजीवाल्याने "कब्बाला पाहिजे का" विचारलं आणि ती गडबडली. आणि शुक्रवारी संध्याकाळी आमची प्रार्थना असते ती कब्बालात शब्बात, शब्बाथचं स्वागत, तिला नवरीसारखं घरात घेणं. सगळीकडे तोच स्वीकार. तिकडे ट्रेनला रकेवेत म्हणतात, रोखेव म्हणजे स्वार, आणि मेर्कावा हे लष्कराच्या रणगाड्याचं नाव. माझ्या भाच्याला मेर्कावा म्हटलं की रणगाडाच आठवतो, यहेज्केल नाही.

पण तुम्ही विचारलं ना की घोडा आहे की नाही, तर ताई, घोडा आहे, यहेज्केलात नाही पण एलियाहूच्या गोष्टीत आहे. आमच्यात एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, फार मोठा. बायबलमधलं २ राजे हे पुस्तक, दुसरा अध्याय, एलियाहू आणि त्याचा शिष्य अलीशा बोलत चालले असतात आणि मधे येतो रेखेव एश, अग्नीचा रथ, आणि सुसेई एश, अग्नीचे घोडे, आणि एलियाहू वावटळीतून वर जातो. रेखेव मध्ये तोच र-क-ब. सूस म्हणजे घोडा. आणि अलीशा खालून ओरडतो, माझ्या बापा, माझ्या बापा, इस्राएलाचा रथ आणि त्याचे स्वार! त्या स्वारांना हिब्रूत पाराश, अरबीतला फारिस, घोडेस्वार, तोच शब्द.

आता यात आमचं गाव कुठून आलं ते सांगते. अलिबागजवळ खंडाळे इथे एक खडक आहे, त्यावर खुणा आहेत, आमचे लोक पिढ्यान्पिढ्या सांगत आले की एलियाहू हन्नाबी इथून वर गेला आणि या त्याच्या रथाच्या आणि घोड्याच्या खुणा. त्या जागेचं नावच एलियाहू हन्नाबीचा टापा. टाप म्हणजे घोड्याचा खूर हे मराठी माणसाला सांगायला नको. लोक तिथे नवस बोलतात, नवस फेडायला येतात, इस्रायलहून सुट्टीत आलेलेही आधी तिकडे जातात. आजी मला कडेवर घेऊन गेली होती, तिने माझं बोट धरून त्या खाचेवरून फिरवलं होतं, दगड तापलेला होता आणि मला खरंच वाटलं होतं की घोडा आत्ताच गेलाय. आजीला मेर्कावा हा शब्द माहीत नव्हता, झोहार माहीत नव्हतं. टापा माहीत होता.

नवस फेडताना मलिदा करतो. पोहे, खोबरं, साखर, सुका मेवा, वर फळं, ताटाभोवती बसून एलियाहू हन्नाबीचं गाणं म्हणतो हिब्रूत, मग ताट वाटतो. पानगळ, कधी अलिबागला आलात तर मला इथे मेसेज करा, मी घेऊन जाते.

---

पानगळ:

मी येणार. खरंच येणार. वाचून अंगावर काटा आला. क्लासमध्ये तीन महिने फी भरून मला मेर-का-बा चे तीन तुकडे मिळाले आणि घोड्याची टाप इथे दोन तासांवर होती, मांडव्याच्या बोटीने.

---

भीमथडी:

अष्टागर ताई, नमस्कार. तुमचं वाचून दोन गोष्टी.

एक म्हणजे रिकीब ही वस्तू र-क-ब या शब्दाच्या धातूपेक्षा खूप नवी आहे. यहेज्केल आणि एलियाहूच्या काळात रिकीब नव्हतीच, लोक नुसत्या मांडीच्या पकडीवर बसायचे किंवा रथ हाकायचे. जोडरिकीब चीनमध्ये इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या आसपास आणि युरोपात त्यानंतर अजून तीनएक शतकांनी. धातू आधीपासून होता, वस्तू आली तेव्हा अरबांनी त्यातूनच नाव काढलं.

आणि रथाचे घोडे म्हटले की मला किक्कुली आठवतो. हा मितान्नी देशाचा अश्वशिक्षक, इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या आसपासचा, त्याने रथाचे घोडे तयार करण्याचं वेळापत्रक मातीच्या विटांवर लिहून ठेवलंय, तुर्कस्तानात हित्ती लोकांच्या हत्तुशा या राजधानीत सापडलं. भाषा हित्ती, पण फेऱ्यांची नावं बघा: ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न, नवर्तन्न. एक, तीन, पाच, सात, नऊ फेऱ्या! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रिंगणात लगाम धरूनच उभा होतो आणि मोठ्याने वाचून दाखवलं आमच्या पोराला, त्याला एकही शब्द समजावून सांगावा लागला नाही. आजही तरुण घोडा तयार करताना आम्ही हेच करतो, आधी थोड्या फेऱ्या, मग वाढवत न्यायच्या, मधे पाणी, मग चाल बदलायची.

दुसरी गोष्ट, तुमचा मलिदा. फारसी मालीदन म्हणजे चोळणे, कुस्करणे, त्यातून मलिदा, हाताने कुस्करून केलेला. आणि त्याच मालीदन मधून मालिश. रपेट संपली, जीन उतरवलं की घोड्याला खरारा करून आम्ही जी मालिश करतो ना, पाठ गार पडेपर्यंत, ती.